गाडी लो करायची, पण रस्ता गावचा: कॉइलओव्हर की लोअरिंग स्प्रिंग? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाडी लो करायची म्हणून आमच्याकडे येणाऱ्यांत दर्यापूर, वरुड, पुसद, दारव्हा, आर्वी अशा ठिकाणची पोरं जास्त असतात. स्विफ्ट, पोलो, आय-२०, सिटी याच गाड्या आणि प्रश्नही साधारण तेच. फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवलं आहे.

दोन्हींत नेमका फरक काय?

लोअरिंग स्प्रिंग म्हणजे कंपनीच्या स्प्रिंगपेक्षा आखूड आणि थोडी कडक स्प्रिंग. जुनी काढायची, ही बसवायची. शॉकअप तेच ठेवता येतात. गाडी किती खाली बसणार ते स्प्रिंग बनवतानाच ठरलेलं असतं. सेटवर ३० मिमी लिहिलं असेल तर तुम्हाला साधारण ३० मिळणार, २० हवे म्हणून काही फिरवता येत नाही.

कॉइलओव्हरमध्ये स्प्रिंग आणि शॉकअप एकमेकांना जुळवूनच येतात. शॉकअपच्या बॉडीवर आटे पाडलेले असतात आणि त्यावरची रिंग पान्याने फिरवून स्प्रिंगची बैठक वर-खाली करता येते. महागड्या सेटमध्ये खालचा ब्रॅकेटही आट्यांवर असतो, त्यामुळे शॉकअपची चाल न खाता उंची बदलता येते. बऱ्याच सेटमध्ये शॉकअप किती घट्ट चालावा हे ठरवणारं फिरवायचं बटणही असतं, त्याच्या एकेका टप्प्याला क्लिक म्हणतात.

एका वाक्यात सांगा भाऊ, कोणतं घेऊ?

रोज गावातून ये-जा असेल आणि घरची एकच गाडी असेल तर २० ते २५ मिमीची चांगली स्प्रिंग आणि तिच्या मापाचे शॉकअप. गाडी हौसेची असेल, उंची मिलिमीटरमध्ये स्वतः ठरवायची असेल आणि वर्षातून दोनदा चाकं खोलून साफसफाई करायची तयारी असेल तर कॉइलओव्हर. डांबरी सोडून घरापर्यंत पांदण रस्ताच असेल तर दोन्ही नको.

आपल्या रस्त्यावर गाडी किती खाली करता येते?

हा प्रश्न आधी सोडवायचा, किट नंतर. लोक किट घेऊन येतात आणि मग विचारतात, तिथेच घोळ होतो.

बहुतेक हॅचबॅक आणि सेडानचा ग्राउंड क्लिअरन्स १६० ते १७० मिमीच्या आसपास असतो. आता गतिरोधकाचं गणित बघा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शनानुसार बांधलेला गोल गतिरोधक १०० मिमी उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो, म्हणजे १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा. स्विफ्टचा व्हीलबेस २४५० मिमी. पुढची-मागची चारही चाकं त्या उंचवट्यावर असताना मधला फुगवटा गाडीच्या पोटाकडे येतो तो जेमतेम ४४ मिमी. म्हणजे नियमाने बांधलेला ब्रेकर ४० मिमी खाली केलेली गाडीही आरामात ओलांडते.

पण असा ब्रेकर आपल्याकडे किती गावांत दिसतो? शाळेसमोर, बसस्टॉपवर, सरपंचाच्या घरापुढे रातोरात जो ब्रेकर उगवतो तो सहा इंच उंच आणि हातभर रुंद असतो. तो दोन चाकांच्या मध्ये आला की त्याची पूर्ण उंची पोटाखाली उभी राहते. सहा इंच म्हणजे १५२ मिमी. कंपनीच्या उंचीवरची गाडी तिथून रिकामी असताना कशीबशी निघते, ३५ मिमी खाली केलेली चेंबर (इंजिनखालचं ऑइलचं भांडं) लावूनच निघते. तिरपी घालून थोडी जागा मिळते, पण अर्ध्या गावाचा रस्ता अडवून.

म्हणून आम्ही गिऱ्हाइकाला एकच काम देतो. घरातून निघून मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत जो सगळ्यात वाईट तुकडा आहे तो टेप घेऊन पायी चाला. सगळ्यात उंच ब्रेकर, रपट्याची चढण, नव्या सिमेंट रोडची कड जिथे साइडपट्टीला मुरूम भरलेला नाही, हे मोजा. अमरावती-अकोला रस्ता कितीही गुळगुळीत असला तरी त्यावरून उंची ठरत नाही. शेवटच्या दोन किलोमीटरवरून ठरते.

लग्नाले पाच माणसं अन् डिक्कीत सामान घेऊन जाव लागते. मंग?

मंग मोजमाप भरलेल्या गाडीचं घ्या, रिकाम्या गाडीचं नाही.

समजा मागच्या प्रत्येक चाकावर स्प्रिंगचा कडकपणा चाकापाशी मोजला तर २० न्यूटन प्रति मिमी आहे. मागच्या सीटवर तीन माणसं आणि डिक्कीत सामान मिळून मागच्या एक्सलवर २०० किलो वाढले. प्रत्येक चाकाला १०० किलो, म्हणजे ९८१ न्यूटन. गाडी मागून ४९ मिमी बसली. आता ३५ मिमी खाली आणणारी, २५ न्यूटनची कडक स्प्रिंग टाका. त्याच वजनाला ती ३९ मिमी बसेल, पण सुरुवातच ३५ खालून झाली आहे. एकूण ७४. मागच्या बाजूला १६५ असतील तर उरले ९१. हे उभ्या गाडीचं. खड्ड्यात गाडी दबली की त्यातून अजून जातात.

हिशेबातले आकडे गाडीगणिक बदलतील, पद्धत तीच राहील. दर उन्हाळ्यात लग्नसराईला गाडी भरून पळत असेल तर मागचा ड्रॉप १५-२० मिमीच्या वर नेऊ नका, पुढे २५-३० केला तरी चालेल. दिसायलाही तो बरा दिसतो, कारण बऱ्याच हॅचबॅक कंपनीतूनच मागून थोड्या उंच येतात.

फक्त स्प्रिंग बदलली आणि कंपनीचे शॉकअप ठेवले तर चालेल ना?

२०-२५ मिमीपर्यंत आणि शॉकअप तरुण असतील तर चालेल. गाडीचे ६०-७० हजार किमी झाले असतील तर नका करू.

कारण असं की शॉकअपचा दांडा आता त्याच्या चालीच्या मधोमध काम न करता खालच्या भागात काम करतो. वरून स्प्रिंग कडक झाली. स्प्रिंग ३० टक्के कडक केली तर गाडीचं डोलणं पूर्वीसारखं आवरायला शॉकअपची पकडही सुमारे १४ टक्के वाढायला हवी. कंपनीचा शॉकअप तेवढी देत नाही. म्हणून नुसती स्प्रिंग टाकलेली गाडी ब्रेकर उतरल्यावर एकदा जास्त डुलते आणि मोठ्या खड्ड्यात बंप स्टॉपवर, म्हणजे शॉकअपची चाल संपते तिथल्या रबरावर, जाऊन आपटते. लोक म्हणतात गाडी कडक झाली. खरं तर ती रबरावर आपटत असते.

यावर उपाय म्हणजे लोअर केलेल्या गाडीसाठीच आखूड बनवलेले शॉकअप. बिल्स्टाइनची बी-८ मालिका याच कामाची आहे, आणि तीच आयबाखच्या प्रो-किट स्प्रिंगसोबत बी-१२ नावाने एकत्र मिळते. तुमच्या गाडीला ती येत असेल तर आमच्या मते आपल्या भागासाठी हा सगळ्यात शहाणा सौदा. कॉइलओव्हरपेक्षा दिसायला साधा, म्हणून कोणी त्याचा फोटो टाकत नाही.

आपटते की नाही हे कळायला एक सोपी तपासणी आहे. मागच्या शॉकअपचं धुळीचं कव्हर वर सरकवा आणि चमकत्या दांड्यावर एक बारीक प्लास्टिक झिप टाय ओढून बांधा, बॉडीला टेकेल इतकी खाली. कव्हर परत लावा, गाडी भरा आणि नेहमीच्या रस्त्याने जाऊन या. टाय जिथे सरकून थांबली तिथपर्यंत दांडा आत गेला होता. बंप स्टॉपपर्यंत पोचली असेल तर आपटतंय. याला फुकटात मोजमाप म्हणतात.

गावचा मिस्त्री म्हणतो, स्प्रिंगचा एक वेटोळा कापून देतो. तेही लोअरिंगच झालं ना?

नाही. स्प्रिंगचा कडकपणा तिच्या कामाच्या वेटोळ्यांच्या उलट प्रमाणात असतो. सहातला एक कापला की कडकपणा २० टक्के वाढतो, हे खरं. त्यामुळे काही जण म्हणतात की हीच लोअरिंग स्प्रिंग. पण टोकाची बैठक गेली. कंपनीच्या स्प्रिंगचं टोक खालच्या थाळीत बसेल असं वळवलेलं असतं, कापलेलं टोक तिथे एका बिंदूवर टेकतं. त्याहून वाईट म्हणजे गाडी रपट्यावरून उतरताना चाक पूर्ण लोंबलं की आखूड झालेली स्प्रिंग थाळीत सैल होते, फिरते आणि परत बसताना वाकडी बसते. वळणावर असं झालं तर काय, ते सांगायची गरज नाही. गॅस कटरने कापली असेल तर त्या जागी स्प्रिंगचं पाणीच उतरतं आणि पुढे तिथूनच तुटते.

गरम करून स्प्रिंग बसवणारेही भेटतात. त्यांच्याकडून चहा प्या आणि निघा.

माझ्या पोलोच्या कॉइलओव्हर किटमध्ये मागे स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा आला. फसवलं का?

नाही, बरोबर आलं आहे. पोलो, स्विफ्ट, आय-२०, सिटी, बलेनो या गाड्यांत पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबावर. मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही चाकं जोडणारा आडवा बीम, तिथे स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा. म्हणून मागे स्प्रिंगखाली आट्यांचा एक ठोकळा येतो, त्यावर उंची बदलते. खरा कॉइलओव्हर पुढेच. पैसे मोजताना हे लक्षात ठेवा.

मागच्या चाकाची उंची स्प्रिंगच्या उंचीइतकीच बदलते असंही नाही. स्प्रिंग बीमवर चाकापासून आत बसलेली असते, त्यामुळे ठोकळा १० मिमी फिरवला तर चाकापाशी १० पेक्षा जास्त फरक पडतो. एकदम फार फिरवू नका.

बोलेरो लो करता येते का?

मागे पाट्यांचं सस्पेन्शन आहे, तिथे कॉइलओव्हरचा प्रश्नच येत नाही. आणि बोलेरो खाली करायची कशाला?

गाडी खाली केली की वळणावर चिकटून पळते, असं सगळे सांगतात. खरं आहे?

अर्धं. वजनाचा मध्य खाली आला की फायदा होतो. पण मॅकफर्सनवाल्या गाडीत एक उलटी गंमत होते, ती फार कमी लोक सांगतात.

कंपनीच्या उंचीवर पुढचा खालचा आर्म साधारण आडवा किंवा चाकाकडे किंचित उतरता असतो. गाडी खूप खाली केली की त्याचं चाकाकडचं टोक वर उचललं जातं. गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलते, तो रोल सेंटर, अशा वेळी गाडीच्या वजनमध्यापेक्षा जास्त वेगाने खाली जातो. दोघांतलं अंतर वाढतं आणि तेवढा कलण्याचा जोर वाढतो. म्हणजे खाली केलेली गाडी त्याच स्प्रिंगवर आधीपेक्षा जास्त कलली असती. ती कमी कलते ती केवळ स्प्रिंग कडक केली म्हणून. शिवाय आर्म त्या कोनात असताना गाडी दबली की चाकाला हवा तसा कॅम्बर (समोरून दिसणारा चाकाचा तिरपेपणा) मिळत नाही, बाहेरचं टायर कडेवर येतं.

म्हणून ४०-५० मिमी खाली केलेल्या हॅचबॅकने परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना जे सुख मिळतं त्यात निम्मा भाग मनाचा असतो. २५ मिमीवर चांगले टायर आणि चांगले शॉकअप टाकलेली गाडी त्याच घाटात बरी पळते आणि सेमाडोहच्या बाजूच्या रस्त्यालाही उपयोगी पडते.

आमच्याकडे डांबरी रस्त्याला लाट आलेली आहे. तिथे कडक सस्पेन्शन बरं की मऊ?

ही काळ्या मातीची देणगी आहे. आपली कापसाची माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगा पडतात. रस्त्याखालचा मातीचा थर नीट बांधलेला नसेल तर दर पावसाळ्यानंतर तो वर-खाली होतो आणि वरचं डांबर त्याच्यासोबत लाटेसारखं होतं. कडेला तर एक चाक खाली आणि एक वर अशी अवस्था. वणी-चंद्रपूरकडे वरून कोळशाचे ट्रक असतात, त्यांच्या चाकांच्या चाकोऱ्या वेगळ्याच.

लांब लाटेवर गाडी तरंगते. तिथे स्प्रिंग नाही, शॉकअपची रिबाउंड पकड काम करते, म्हणजे दबलेली गाडी परत वर येताना तिला धरून ठेवण्याची ताकद. म्हणून लाटेच्या रस्त्यावर चांगला शॉकअप असलेली गाडी एकदा दबून शांत होते आणि ढिल्या शॉकअपची तीनदा डुलते. नुसत्या लोअरिंग स्प्रिंगची खरी उणीव इथेच उघडी पडते.

पण म्हणून क्लिक शेवटपर्यंत घट्ट करू नका. त्याचं कारण पुढच्या उत्तरात.

कॉइलओव्हरचे क्लिक किती ठेवायचे?

पूर्ण मऊ बाजूने सुरुवात करा आणि गाडी डुलायची थांबेपर्यंत दोन-दोन क्लिक घट्ट करत जा. डुलणं थांबलं की तिथेच थांबा. बहुतेक लोक उलट करतात, पूर्ण घट्ट करून गाडी रेसिंगची झाली म्हणतात.

रिबाउंड फार घट्ट असेल आणि रस्त्यावर एकामागे एक खड्डे किंवा खडीचे उंचवटे असतील, तर दबलेलं चाक परत खाली यायच्या आत पुढचा धक्का येतो. परत दबतं. असं करत करत गाडी धावता धावताच खाली बसत जाते आणि शेवटी बंप स्टॉपवर पळू लागते. उखडलेल्या रस्त्यावर हे हमखास होतं. अशा वेळी गाडी आपटते म्हणून लोक अजून घट्ट करतात, आणि अजून आपटते. उलट दोन-तीन क्लिक सोडा.

डाव्या-उजव्या बाजूला क्लिक सारखेच ठेवा. पुढे-मागे वेगळे चालतात.

रिंग खाली घट्ट आवळली की स्प्रिंग कडक होते ना?

सरळ रेटच्या, म्हणजे कितीही दाबली तरी कडकपणा तोच राहणाऱ्या स्प्रिंगला नाही. रिंग फिरवून उंची बदलते, किंवा स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवली जाते, त्याला प्रीलोड म्हणतात. न्यूटन प्रति मिमीचा आकडा तोच राहतो. कडकपणा बदलायचा तर स्प्रिंगच बदलावी लागते.

पावसाळ्यात वर करायची अन् दिवाळीनंतर खाली, म्हणून कॉइलओव्हर घेतो. बरोबर ना?

कागदावर बरोबर. करून बघणारे फार थोडे, कारण उंची बदलली की कॅम्बर आणि टो (वरून पाहिलं तर चाकं आत-बाहेर किती वळलेली आहेत ते) दोन्ही बदलतात आणि दरवेळी अलाइनमेंट करावी लागते. तालुक्याच्या गावी चांगलं अलाइनमेंट मशीन नसेल तर त्यासाठी अमरावती किंवा नागपूर गाठा. दुसरं म्हणजे वर्षभर चिखल खाल्लेली रिंग दिवाळीत फिरायला तयार नसते.

आम्ही सुचवतो ते असं: कॉइलओव्हरचा सगळ्यात मोठा उपयोग पहिल्या महिन्यात आहे. बसवताना थोडी उंच ठेवा, भरलेली गाडी घेऊन नेहमीच्या रस्त्याने चालवा, झिप टाय बघा, मग ५-५ मिमी खाली घ्या. जिथे लागणं सुरू होतं त्याच्या १० मिमी वर थांबा आणि पुन्हा हात लावू नका. स्प्रिंगमध्ये ही सोय नाही, तिथे अंदाज बरोबर असावा लागतो.

कॉइलओव्हर आपल्या धुळी-चिखलात टिकतात का?

टिकवले तर. काळ्या मातीचा चिखल आट्यांत बसतो आणि एप्रिल-मे महिन्यात सुकून दगडासारखा होतो. मग रिंग पान्याने फिरवायला गेलं की रिंगचा दात तुटतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात चाक काढून आटे साध्या पाण्याने आणि ब्रशने धुवा, सुकवा, आणि बनवणाऱ्याने सांगितलेलं वंगण लावा. ऑइल किंवा जाड ग्रीस फासू नका, त्यावर उन्हाळ्याची धूळ चिकटून सँडपेपर तयार होतो. जिथे गाडी ठेवायची ती उंची ठरल्यावर उघड्या आट्यांवर रबरी बाही चढवता येते.

प्रेशर वॉशरची धार शॉकअपच्या सीलवर मारू नका. धुळीचं कव्हर फाटलं तर त्याच आठवड्यात बदला. दांड्यावर चरा पडला की सील गळतो आणि शॉकअप गेला. केडब्ल्यूसारख्या काही कंपन्यांच्या सेटची बॉडी स्टेनलेस स्टीलची येते, ती गंजायला हट्टी असते. स्वस्त सेटमध्ये झिंकचा मुलामा असतो, तो दगड लागून उडतो.

आणखी एक. बऱ्याच कॉइलओव्हरला वरती रबरी माउंटऐवजी लोखंडी गोल सांधा येतो. स्टिअरिंग छान वाटतं. पण खडीच्या रस्त्यावर काही महिन्यांत तो टकटक वाजू लागतो. गावच्या गाडीला रबरी टॉप माउंटचाच सेट मागा.

लोअरिंग स्प्रिंगची देखभाल?

जवळपास नाही. बसवताना नवीन बंप स्टॉप, नवीन टॉप माउंट बेअरिंग टाका, एवढंच. हा तिचा मोठा गुण.

अलाइनमेंट कधी करायची?

बसवल्यावर लगेच गाडी रस्त्यालायक होईल इतकी, आणि ३००-५०० किमीनंतर स्प्रिंग बसल्यावर नीट. उंची जमिनीपासून मोजू नका, टायरमधल्या हवेने फसगत होते. चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत मोजा आणि चारही आकडे बसवण्याआधी-नंतर वहीत लिहा. हेडलाइटही परत लावून घ्या. पुढून-मागून सारखी खाली गेली नसेल तर एकतर समोरच्याच्या डोळ्यांत जातो किंवा पायाखालीच पडतो, आणि रात्री रस्त्यावर बसलेली जनावरं दिसायला उशीर होतो.

समृद्धीवर लांब जातो. लो गाडी चालेल?

नागपूर ते मुंबई ७०१ किमी, कारला १२० ची मर्यादा आणि सलग काँक्रीट. लो गाडीला तो रस्ता आवडतो, सांध्यांची टकटक सोडली तर. काळजी टायरची घ्या. खाली केलेल्या गाडीत टो बिघडला किंवा कॅम्बर वाढला की टायर आतल्या कडेने खातो, आणि ती कड उभं राहून दिसत नाही. बाहेरून नक्षी कोरी करकरीत आणि आतून तार दिसायला लागलेली, अशी टायरं आम्ही काढली आहेत. मे महिन्याच्या उन्हात ताशी १२० ने अशा टायरवर चार तास म्हणजे जिवाशी खेळ. समृद्धीला लागण्याआधी स्टिअरिंग पूर्ण वळवून पुढच्या टायरची आतली कड हाताने चाचपा; मागच्यांसाठी खाली वाकावंच लागेल.

लो गाडीला मोठे मॅगव्हील टाकू?

एकच हौस करा. लो गाडी, पातळ टायर आणि आपले खड्डे एकत्र आले की रिम वाकते. टायरची भिंत हाही एक सस्पेन्शनच आहे.

आरटीओ पकडते काय?

कायदा आधी वाचा. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की नोंदणीपत्रातला तपशील बनवणाऱ्याच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल गाडीत करू नये. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये परवानगी नसलेल्या रीतीने, भाग बसवून का होईना, बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

आरसीत ग्राउंड क्लिअरन्सचा रकाना नसतो म्हणून काही होत नाही, असं सांगणारे दुकानदार खूप. ते तुमच्यासोबत ठाण्यात येणार नाहीत. इन्शुरन्स कंपनीला बदल लेखी कळवा, नाहीतर अपघातानंतर क्लेम अडवायला त्यांना आयतं कारण मिळतं. वॉरंटीतल्या गाडीचं सस्पेन्शनचं काम शोरूम नाकारू शकतं. हे सगळं पटत नसेल तर गाडी आहे तशी ठेवा. त्यात काही कमीपणा नाही.

खर्चात किती फरक पडतो?

त्याच दर्जाच्या स्प्रिंगच्या तीन ते पाच पट कॉइलओव्हरला लागतात. पण तुलना नुसत्या स्प्रिंगशी करू नका. स्प्रिंग, आखूड शॉकअप, माउंट, बंप स्टॉप, मजुरी, अलाइनमेंट असं धरलं की अंतर बरंच कमी होतं. तरीही कॉइलओव्हर वरच राहतात, आणि शॉकअप गळला तर रिपेअर किट मागवून दुरुस्त करणारा माणूस जवळ नसतो. तो शहरात पाठवा, तोवर गाडी ठोकळ्यावर.

कॉइलओव्हर फारच स्वस्तात मिळत असतील तर नका घेऊ. त्या पैशात आयबाख किंवा एच अँड आर सारख्या नावाजलेल्या कंपनीची स्प्रिंग येते आणि ती दहापट बरी.

जुने, कोणाच्या तरी गाडीतून काढलेले कॉइलओव्हर घेऊ का?

दांडा पूर्ण दाबून सोडा. हळूहळू आणि न अडखळता बाहेर आला पाहिजे. तेलाचा ओलावा, दांड्यावर गंजाचे ठिपके, जागच्या जागी जाम झालेली रिंग, यापैकी एक दिसलं तरी परत द्या. आणि सेट तुमच्याच मॉडेलचा आहे का ते पाहा. एबीएसची वायर आणि ब्रेकचा पाइप धरणारे क्लिप कुठे आहेत ते जुळलं पाहिजे. ते न जुळता तारेने बांधून दिलेली गाडी आम्ही पाहिली आहे, आणि वळताना पाइप टायरला घासत होता.

घरी बसवता येतात का? चुलतभावाकडे सगळे पाने आहेत.

पुढच्या स्ट्रटमधली स्प्रिंग दाबलेल्या अवस्थेत असते. चांगला स्प्रिंग कंप्रेसर नसताना वरचा नट सोडला तर ती तोंडावर येते. पाने असणं आणि हे काम करता येणं वेगळं. नट-बोल्टचा शेवटचा आवळा गाडी चाकांवर उभी असताना द्यायचा असतो, जॅकवर नाही, नाहीतर रबरी बुश पिळलेले राहतात आणि लवकर फाटतात. कंप्रेसर आणि टॉर्क पाना दोन्ही असतील, आणि आधी केलेला माणूस शेजारी असेल, तर करा.

कंपनीचे जुने स्प्रिंग-शॉकअप भंगारात देऊ?

नका देऊ. पोत्यात घालून, ऑइल लावून माळ्यावर ठेवा. गाडी विकताना गिऱ्हाईक बहुतेक गावाकडचंच येतं आणि त्याला उंच गाडी हवी असते. पासिंगच्या वेळी लागतात. आणि कधी शेतापर्यंत गाडी न्यायची वेळ आली, तर एका दुपारच्या मजुरीत ती पहिल्यासारखी होते.